चाक आत

३ मे, रविवार

नवी रोजनिशी सुरू. कारण तसंच आहे.

आज सकाळी जावई सायकल देऊन गेला. न मागता. टेम्पोतून उतरवली तेव्हा हॅण्डलला झेंडूची माळ होती. गिअरवाली, काळी-केशरी. म्हणाला, बाबा, रिटायर झाल्यापासून घरातच बसता, पाय मोकळे होतील. जमलं तर एखाद्या दिवशी पेणवरून रोह्याला आमच्याकडे सायकलवरूनच या.

मी कंपनीच्या गेटवर बत्तीस वर्षं काढली, निघताना सिक्युरिटी सुपरवायझर होतो. न मागता कोणी काही देत असेल तर आधी डबा उघडून बघावा, हे मला कोणी शिकवायची गरज नाही. यंदा अधिक महिना आहे. सतरा तारखेला लागतो. अधिकात सासऱ्याने जावयाला वाण द्यायचं असतं. जावयाने सासऱ्याला द्यावं असं कुठल्या पंचांगात लिहिलंय? लग्नानंतरचा यांचा हा पहिलाच धोंडा. म्हणजे ही भेट नाही, ॲडव्हान्स आहे. आता अंगठी मागणार, नाहीतर मोटरसायकल.

सगुणाला हे समजावून सांगितलं. ती म्हणाली, अवो, पोरगा चांगला हाय, तुमाला चांगल्या माणसाचा बी संशय येतो. मी म्हटलं, चांगल्याचाच येतो गो, वाईट माणूस लांबून ओळखू येतो.

जाताना साहिलने एक सूचना केली. पुढच्या चाकाला नट नाही, लिव्हर आहे. म्हणे थोडा आवळून मग जोर लावून दुमडायचा, नुसता फिरवायचा नाय. मी ऐकून घेतलं. मला आवळायला शिकवतो. बरणीच्या झाकणापासून पाण्याच्या टाकीच्या व्हॉल्व्हपर्यंत सगळं फिरवूनच घट्ट होतं. दुमडून घट्ट झालेली एक वस्तू मी अजून पाहिलेली नाही.

एक सोय मात्र उत्तम. लिव्हर सैल केला की पुढचं चाक हातात येतं. म्हणजे रोज संध्याकाळी चाक काढून घरात ठेवता येईल. एका चाकाची सायकल कोण नेणार? समोरचा प्रविण आज दोनदा सायकलकडे बघून गेला. दुसऱ्यांदा तर हसला.

रात्री: सर्व ठीक. चाक आत.


४ मे, सोमवार

संकल्प: रोज पहाटे पाचला सायकल. पहिले काही दिवस नदीच्या पुलापर्यंत, मग वडखळ नाका, मग गडब, मग नागोठणे, आणि धोंड्याच्या आधी थेट रोहा. म्हाताऱ्याला जमणार नाही, असं जावयाने धरलेलं दिसतं. तिथेच त्याला पकडायचा.

आज उठायला उशीर झाला. चाक बसवून लिव्हर भरपूर फिरवला, आणखी फिरेना इतका. गल्लीत दोन चकरा मारल्या.

जावयाबद्दल एकदा नीट नोंद करून ठेवतो. मृणाली आमची एकुलती एक. बी.एस्सी. करून आमच्याच कंपनीत लॅबला लागली. साहिल तिथेच ऑपरेटर, राहणार अष्टमी, रोह्याच्या पुलापलीकडे. सुटताना त्याचा डबा मी रोज उघडायचो. कधी काही सापडलं नाही, आणि तेच मला खटकायचं. भाकरीचा तुकडा, सुकटाचा वास, कांद्याची साल. इतका स्वच्छ डबा सरळ माणसाचा नसतो. बत्तीस वर्षांत माझ्या गेटमधून गेटपासशिवाय एकच गोष्ट बाहेर गेली, आणि ती माझ्याच घरातली निघाली.

लग्नानंतर पहिल्यांदा दोघं इथे राहायला आली, तेव्हा साहिल आंघोळीला गेला असताना मी त्याची बॅग पाहिली. त्यात विशेष काही नाही, सवय आहे. मृणाली मागे दारात उभी होती, ते मला दिसलं नाही. तेव्हापासून ती येते, जेवते आणि संध्याकाळच्या गाडीने परत जाते. दीड वर्ष झालं, या घरात एक रात्र झोपलेली नाही. सगुणाने ठरवलंय, धोंड्याला दोघांना मुक्कामाला ठेवायचंच. त्यासाठी आतापासून गादी उन्हात टाकली आहे. मे महिन्यात गादी तापवून काय मिळणार, मला कळत नाही.

चाक आत.


९ मे, शनिवार. सकाळी ७.१०

संशय खरा ठरला.

पुलाकडून येताना स्पीडब्रेकरवर पुढून आवाज आला. टक. घरी येऊन पुढचं चाक वरून धरलं आणि डावी-उजवीकडे हलवलं. टक टक. चाक जागेवर हलतंय. यालाच प्ले म्हणतात. मोबाईलवर व्हिडिओ पाहिला. सुरुवातीचा भाग पळवला, तो बाळबोध होता, चाक नीट बसलंय का ते आधी बघा वगैरे. पुढचा भाग मुद्द्याचा. हल्लीच्या सायकलींच्या हबमध्ये, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्यात, बंद बेअरिंग असतं, त्याला कार्ट्रिज म्हणतात. जुन्या सायकलसारखं कोन नावाचा नट आवळून काम होत नाही. झिजलं की काढायचं, नवं ठोकायचं.

आता विचार करा. नवं बेअरिंग आठवड्यात झिजतं? मी तर पुलापलीकडे गेलेलोच नाही. म्हणजे ते नवं नव्हतंच. नव्या सायकलीत कोणीतरी जुनं बेअरिंग घातलं. साहिलची ऊठबस कंपनीतल्या मेंटेनन्सच्या पोरांबरोबर असते, हे मी स्वतः पाहिलेलं आहे.

सगुणाला सांगितलं नाही. बायकांच्या पोटात काही राहत नाही, थेट रोह्याला पोचतं.

चाक आत.


११ मे, सोमवार

पोपटच्या सायकल दुकानात गेलो. अशा चाकावर बसून जाणं धोक्याचं, म्हणून फक्त चाक काढून रिक्षाने नेलं. पोपटने चाक हातात घेतलं, एक्सल धरून हलवलं, फिरवलं, परत हलवलं. म्हणाला, काका, चाकात काय नाय, सायकल घेऊन या. मी म्हटलं, दुखतंय चाक आणि तू सायकल कशाला मागतोस? तो पंक्चर काढायला लागला.

मी पण हलवून पाहिलं. खरंच आवाज नाही. घरी येऊन बसवलं. टक टक.

दुकानात गप्प, घरी बोलतं. साक्षीदार फुटला म्हणतात तो असा. संध्याकाळी चौकशी केली. पोपटची सासुरवाडी अष्टमीची. बस्स, आणखी काय पुरावा पाहिजे?

चाक आत. आजपासून माझ्या कॉटखाली.


१६ मे, शनिवार

गडबपर्यंत चाचणी घेतली. वडखळच्या पुढे हॅण्डल थरथरायला लागलं. सायकल रस्त्याच्या कडेला, ट्रक बाजूने. गडबच्या पहिल्या टपरीवर उतरलो, सरबत प्यायलो आणि कलिंगडांच्या टेम्पोतून परत आलो. टेम्पोवाल्याने विचारलं, काका, पंक्चर? मी म्हटलं, घातपात. 

रोह्याचा दौरा सुरक्षेच्या कारणास्तव पुढे ढकलला आहे.

रात्री साहिलचा फोन. सायकल कशी चाललीय, बाबा? एकदम झकास, म्हटलं. संशयिताला सावध करायचं नसतं. तो म्हणाला, काय वाटलं तर सांगा, मी येऊन बघून जाईन. नक्की काय वाटेल अशी त्याची अपेक्षा आहे?


१७ मे, रविवार

अधिक लागला. सगुणाने सकाळीच मृणालीला फोन केला. एकतीस तारखेचं आमंत्रण, जावयाला धोंड्याचं जेवण, वाण आणि रात्री मुक्काम. मृणाली आधी बघते म्हणाली. संध्याकाळी तिचाच फोन, सोमवारची रजा टाकलीय, येतो आणि राहतो. सगुणाने फोन ठेवला आणि देव्हाऱ्यासमोर जाऊन बसली. मला म्हणाली, त्या दिवशी तोंड नीट ठेवा, यवढंच मागते तुमच्याकडं.

मी मृणालीला फोनवर सहज विचारून घेतलं होतं, साहिलला वाणात काय हवंय. ती म्हणाली, आईच्या हातचे अनारसे. आणखी? आणखी काही नाही.

काहीच मागत नाही. मोठा हात मारणारा माणूस आधी असाच वागतो.


२१ मे, गुरुवार

गुप्त पाहणी: रोहा. सगुणाला दाताच्या डॉक्टरकडे जातो असं सांगून एसटीने गेलो. पुलावरून अष्टमीत चालत. त्यांची बिल्डिंग, खाली पार्किंग. साहिलची स्वतःची सायकल तिथे उभी. माझ्यासारखीच, रंग तेवढा निळा.

खाली बसलो, पुढचं चाक धरलं, हलवलं. आवाज नाही. परत हलवलं. दगडासारखं घट्ट. म्हणजे चांगलं बेअरिंग स्वतःला, झिजलेलं सासऱ्याला. आणखी एक गोष्ट लक्षात आली. त्याचा लिव्हर नुसता दुमडलेला होता, फोर्कला चिकटून. वस्तूची काळजी नाही. हवा तर मीच आवळून दिला असता.

तेवढ्यात वॉचमन आला. काय करताय, कोणाकडे आलात, नाव काय. मी म्हटलं, मी स्वतः सिक्युरिटीतला आहे. तो म्हणाला, मग तुमाला म्हायती असंल, रजिस्टरमध्ये सही करा. काम चोख होतं त्याचं. सही केली, पण जरा गिचमिड.

वर पाहिलं. दुसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत मृणालीचा पंजाबी ड्रेस वाळत होता, पिवळा, मागच्या दिवाळीला सगुणाने घेतलेला. वर गेलो असतो तर पाणी तरी मिळालं असतं, ऊन फार होतं. पण तपास चालू असताना संशयिताच्या घरी जाणं बरं दिसत नाही. साडेतीनच्या गाडीने परत.

सगुणाने विचारलं, दात कसा हाय? म्हटलं, हलतोय.

चाक आत.


२४ मे, रविवार

पोपटवर भरवसा नाही, म्हणून बेअरिंग वडखळला पंपाचं सामान विकतो त्याच्याकडून आणलं. चिनी, पण पॅकबंद. त्याने विचारलं, पंप कुठला? मी म्हटलं, ते गोपनीय आहे. त्याने विचारलं, बसवायला प्रेस हाय का? मी हो म्हटलं. प्रेस म्हणजे बेअरिंग दाबून बसवायचं यंत्र, हे नंतर व्हिडिओत पाहिलं. त्याच्याशिवाय चालतं.


२६ मे, मंगळवार

ऑपरेशन झालं. सगुणा अनारशाचं पीठ चाळत मागच्या पडवीत बसली होती, तेवढ्या वेळात. चाक पायरीवर आडवं टाकलं. एक्सल काढायला हातोडी मिळेना, म्हणून खलबत्त्यातला बत्ता घेतला. पाच-सहा ठोके दिले आणि जुनी बेअरिंग बाहेर पडली. दोन्ही पुसून हळदीच्या रिकाम्या डबीत ठेवली. पुरावा क्रमांक एक आणि दोन.

नवी बसवताना जरा जोर लागला. व्हिडिओतला मुलगा सांगत होता की बाहेरच्या कड्यावरच सारखा दाब द्यायचा, आतल्या कड्यावर ठोकलं की बेअरिंग गेलं. पण बत्त्याचं तोंड नेमकं आतल्याच कड्यावर बसतं. बत्ता ज्याने केला त्याने काही विचार केलाच असणार. ठोकून बसवली. एक जरा तिरकी गेली, ती उलट बाजूने ठोकून सरळ केली.

सगुणा बत्ता शोधत आली, वेलची कुटायला. मी धुऊन दिला. तिने वास घेतला आणि माझ्याकडे पाहिलं. मग बत्ता परत धुतला. तीनदा.


२७ मे, बुधवार. सकाळी ६.४०

निकाल. चाक बसवलं, लिव्हर पूर्ण फिरवला. हलवलं. टक टक आहे, पण टक टकची जात बदलली आहे. शिवाय चाक फिरवलं की कुर्र असा आवाज येतो, जात्यासारखा. म्हणजे नव्या बेअरिंगची धार अजून गेलेली नाही. वापरात येईल तसं मऊ होईल.

प्ले राहिलाय याचा अर्थ हबसुद्धा खराब आहे. पूर्ण सायकलच संशयास्पद. पण हे आता तांत्रिक झालं. मुख्य पुरावा माझ्या हातात आहे.

प्रविणने गल्लीतून विचारलं, काका, सायकल दळायला काढली का? हा माणूस नक्की कोणाला सामील आहे?

चाक आत.


३० मे, शनिवार

योजना ठरली. गेल्या दोन दिवसांपासून डोक्यात होती.

वाणाला वस्तू सच्छिद्र लागतात. अनारशाला जाळी असते म्हणून अनारसे. मोजून तेहेतीस, तांब्याच्या ताटात, वर नवं कापड. उद्या सगुणा ताट भरून देव्हाऱ्याजवळ ठेवेल आणि स्वयंपाकघरात जाईल. तेवढ्यात मी दोन अनारसे काढीन आणि तळाशी दोन बेअरिंग ठेवीन. बेअरिंगलाही मध्ये भोक आहे, आकडाही तेहेतीसच राहतो. शास्त्राला कुठे बाधा नाही.

साहिल ताट उघडेल, अनारसे उचलेल, आणि खाली स्वतःचं कृत्य दिसेल. गेटवर नव्या पोरांना मी एकच नियम शिकवायचो. डबा उघडताना डब्याकडे बघायचं नाही, माणसाच्या तोंडाकडे बघायचं. चोरी डब्यात असते, पण कळते तोंडावर. उद्या मी त्याच्या तोंडाकडे बघणार आहे.

सगुणाने आज पुरण घातलं. गादीवर नवी चादर, दोन उशा, उशाशी पाण्याचा तांब्या. मृणालीला लागते ती जुनी गोधडी ट्रंकेतून काढली. मला म्हणाली, अवो, पोर दीड वर्षानं झोपनार हाय या घरात. मी म्हटलं, झोपू दे की, मी कुठे अडवलंय?


३१ मे, रविवार. सकाळी ११

आली दोघं. सर्व तयार. दोन अनारसे खाल्ले. वेलचीबरोबर ग्रीसचा किंचित वास आहे, पण सांगितल्याशिवाय कळणार नाही.


३१ मे. संध्याकाळी

जसं झालं तसं लिहितो.

साहिलला पाटावर बसवलं. सगुणाने ओवाळलं, ताट हातात दिलं. त्याने कापड काढलं. मी नियमाप्रमाणे त्याच्या तोंडाकडे बघत होतो. त्याने एक अनारसा मृणालीला दिला, एक तोंडात टाकला, मग बोट खाली लागलं आणि बेअरिंग वर आलं. तुपाने माखलेलं, एका बाजूला खसखस.

त्याचं तोंड उजळलं. खरंच. म्हणाला, बाबा, तुमी बेअरिंग बदललं? सोत्ता? मी तयार केलेलं एकही वाक्य या प्रश्नाला बसत नव्हतं. त्याने बेअरिंगमध्ये बोट घातलं आणि फिरवलं. आवाज नाही, काही नाही, नुसतं फिरत राहिलं. दुसरंही तसंच. मग जरा गोंधळून म्हणाला, पन ही तर चांगली हायत.

मी त्याला अंगणात नेलं. चाक हलवून दाखवलं. टक टक. म्हटलं, आता बोल. तो खाली वाकला, लिव्हर पाहिला, सैल केला, बोटाने थोडा आवळला आणि तळहाताने जोर लावून दुमडला. उठून चाक हलवलं. आवाज नाही. मी हलवलं. आवाज नाही. प्रविण त्याच्या पायरीवर उभा राहून बघत होता, त्यानेही येऊन हलवलं.

मग साहिलने चाक उचलून फिरवलं. कुर्र. तो हळूच म्हणाला, नवी नीट बसली नसतील, मी बदलून देतो, काय नाय त्यात. माझ्याकडे बघत नव्हता. त्यालाच ओशाळल्यासारखं झालं होतं, मला समजेना की त्याला कशाला.

मी म्हटलं, पण लिव्हर सैल कोण करतं? तो म्हणाला, चाक काढता का तुमी? रोज संध्याकाळी, म्हटलं. घरात घेतो. त्याने विचारलं, का? मी म्हटलं, चोरांसाठी.

मृणाली पायरीवर उभी होती. एक बेअरिंग तिच्या हातात. तिने विचारलं, हे अनारशांच्या खाली कशाला ठेवलं होतं? मी म्हटलं, वाण सच्छिद्र असावं लागतं. सगुणा हसली, एकटीच, मग थांबली. मृणाली माझी मुलगी आहे, गेटवर वाढलेली. तिला जास्त सांगावं लागत नाही. ती म्हणाली, वॉचमननं सही दाखवली होती मला. सायकलशी कोन म्हातारा झटत होता म्हणून.

मी म्हटलं, तपासणी करावी लागते.

"आमच्या दारापर्यंत आलात, बाबा. सायकल हलवून गेलात. वर नाय आलात."

यावर मी काहीतरी बोललो. काय ते आता आठवत नाही.

सगळे जेवलो. पुरणाचे धोंडे चांगले झाले होते. मृणालीने मला दुसऱ्यांदा तूप वाढलं, नेहमीसारखं. चार वाजता आत गेली आणि बॅग घेऊन बाहेर आली. सगुणाने तिचा हात धरला, राहा गो बाय, तुझी गोधडी काढलीय. साहिलही म्हणाला, उद्या जाऊ, मी रजा टाकलीय. तिने मान हलवली. सगुणाच्या गळ्यात पडली, बराच वेळ.

मी दारात होतो. माझ्यासमोर येऊन थांबली. बॅगेची चेन पूर्ण उघडली आणि बॅग माझ्यापुढे धरली. कंपनीत लॅबमधून सुटताना रोज धरायची तशी. सुपरवायझरची मुलगी म्हणून तिला मी कधी सूट दिली नव्हती.

"बघून घ्या, बाबा."

नियम तोंडाकडे बघायचा होता. मी बॅगेत पाहिलं. टॉवेल, गाऊन, दोन टूथब्रश, सगुणाच्या गुडघ्यांसाठी तेलाची बाटली. सगळं मुक्कामाचं सामान.

"ठीक आहे, चला," असं माझ्या तोंडून गेलं. गेटवर म्हणायचो तसं.


१ जून, सोमवार

सगुणा जेवण समोर ठेवते आणि पडवीत जाते. गादी तशीच आहे, चादरीला सुरकुती नाही. उरलेले अनारसे डब्यात. मोजले नाहीत.

शांतपणे विचार केला तर काल माझी चूक तशी फार नव्हती. लिव्हर दुमडायचा असतो हे कंपनीने ठळक लिहायला हवं होतं. साहिलने सांगितलं होतं, पण एकदाच.

चाक आत. घेतल्यावर लक्षात आलं.


७ जून, रविवार

फोन करायचं ठरवलं. सकाळी ठरवलं, दुपारी केला. साहिलने उचलला. म्हणाला, मृणाली शिफ्टला गेलीय. मागे कुकरची शिट्टी झाली आणि तिचा आवाज आला, गॅस बंद कर रे.

खोटं बोलला. इतकी वर्षं त्याच्यावर नजर ठेवून आज पहिल्यांदा रंगेहाथ पकडला. मी म्हटलं, बरं, आली की सांग. तो म्हणाला, सांगतो बाबा. आणि मग, बेअरिंग घेऊन ठेवलीत, शनिवारी येऊन बसवून जातो.

पकडल्याचा आनंद व्हायला हवा होता.


१३ जून, शनिवार

साहिल येऊन बेअरिंग बसवून गेला. एकटाच. लाकडी ठोकळा ठेवून, बाहेरच्या कड्यावर. चाक आता आवाज न करता फिरतं, सोडलं तर फिरतच राहतं. चहा प्यायला, अनारसा खाल्ला. तो एव्हाना कडक झाला होता. मृणालीबद्दल सगुणाने विचारलं. बरी हाय, म्हणाला, कामात हाय. जाताना लिव्हर मला दुमडायला लावला. जमला. तळहातावर त्याचा वळ उठला, तो तसाच राहू दिला.

तो गल्लीच्या टोकाला पोचला तेव्हा त्याची सॅक पाठीवर उघडीच होती. मुद्दाम की विसरून, सांगता येत नाही.


१४ जून, रविवार

रोह्याला निघालो होतो, सायकलवरून. न सांगता. वडखळ, गडब, सायकल एकदम झकास. नागोठण्याला टपरीवर थांबलो. तिथून मागे फिरलो. चाकाला काही झालं नव्हतं.

उद्या अधिक संपतो. सगुणाने आज गादी गुंडाळली. गोधडी मात्र बाहेर ठेवली.

संध्याकाळी चाक काढायला खाली वाकलो, लिव्हरला हात लावला आणि तसाच उठलो. दारही नुसतं लोटलं, कडी लावली नाही.

चाक बाहेर.


१५ जून, सोमवार. सकाळी ६

सायकल जागेवर. चाक जागेवर. दार रात्रभर उघडं होतं.

कोणी आलं नाही.